कमी धावलेली गाडी

बैलबाजारात शेतकरी प्रथम बैलाचे तोंड उघडून पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, अशी वयाची पायरी दातांवरून ठरते. मग खांदा, खूर आणि चाल यांची परीक्षा होते. विकणारा काय सांगतो यास त्या बाजारात फारशी किंमत नसते. याच शेतकऱ्याचा शहरात नोकरीस लागलेला मुलगा जुनी मोटार घ्यावयास निघाला, म्हणजे मात्र सुकाणूमागचा एक आकडा वाचून भाळून जातो. "आठ वर्षांची गाडी, एकच मालक, आणि धावली अवघी अठरा हजार किलोमीटर!" एवढे शब्द कानी पडले की दात पाहण्याची त्याला आठवणच राहत नाही.

डिकी असलेली चार दारांची गाडी, जिला सेडान म्हणतात, ती जुन्या बाजारात आज पुष्कळ मिळते. नव्या गाड्या घेणारांचा ओढा उंच गाड्यांकडे वळला आहे, आणि त्यामुळे चांगल्या सेडान तुलनेने स्वस्तात हाती येतात. घेणारा बहुधा मध्यम उत्पन्नाचा गृहस्थ असतो. चार-सहा वर्षांची शिल्लक तो एका व्यवहारात घालतो आणि पुढे त्याच गाडीत म्हातारे आईवडील व मुले बसवून घाट उतरतो. तेव्हा त्या अठरा हजारांचा अर्थ काय, हे त्याने थोडे थांबून पाहणे बरे.

अठरा हजारांस आठांनी भागले म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार होतात. दिवसाला साधारण सहा किलोमीटर. म्हणजे घर ते कचेरी आणि कचेरी ते घर. एवढ्या अंतरात एंजिन पुरते तापतसुद्धा नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. थंड एंजिनात तिचा काही अंश, आणि थोडे न जळलेले पेट्रोलही, ऑइलमध्ये उतरते. तासभर दौड झाली तर तापलेल्या ऑइलमधून हे सारे उडून जाते. तीन किलोमीटरांवर गाडी थांबली, तर ते तेथेच राहते, आणि कालांतराने ऑइलचा चिकट गाळ होतो. सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी त्याला आतून गंजविते. बॅटरीने चालू करताना दिलेली वीज एवढ्या वेळात भरून निघत नाही. बंगल्याच्या आवारात उभी असलेली, मुले परदेशी असलेल्या वृद्ध दांपत्याची गाडी तर याहून दयनीय. शनिवारी पाच मिनिटे जागच्या जागी एंजिन सुरू करून ठेवले की गाडीची सेवा झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्यापेक्षा ती न सुरू केलेली पत्करली.

शिवाय गाडीत असे कितीतरी भाग आहेत, की ज्यांना अंतर कळत नाही, वर्षेच कळतात. टायरचे रबर उभ्या गाडीतही कडक होते. टायरच्या कडेवर चार अंक छापलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. बैलाचे दात ते हेच. गंमत अशी, की मूळचेच टायर अजून गाडीवर असले तर अठरा हजारांचा आकडा खरा असण्याचा संभव वाढतो. पण विकणाऱ्याचा खरेपणा सिद्ध करणारा तो टायर त्याच दिवशी काढून टाकावयास हवा.

ब्रेक ऑइलची गोष्ट याहून गंभीर. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. उटीहून मेट्टुपाळयमकडे उतरताना, वळणामागून वळण ब्रेक दाबून चाके तापली, की आतील पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही, आणि पायाखालचा पेडल जमिनीला टेकतो. म्हणूनच बहुतेक कारखाने, गाडी कितीही कमी धावलेली असली तरी, सुमारे दोन वर्षांनी हे ऑइल बदलावयास सांगतात. एंजिन ऑइलची मर्यादाही "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" अशीच लिहिलेली असते. या वाक्याचा उत्तरार्ध वाचणारे मालक थोडे. काही एंजिनांत टायमिंगचा पट्टा रबराचा असतो. त्यासही वर्षांची मर्यादा आहे, आणि तो तुटला तर अनेक एंजिनांत झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळतात.

डिझेलची गाडी कमी धावलेली असणे हा तर गुण नव्हेच. १ एप्रिल २०२० पासून नवे उत्सर्जन-नियम लागू झाल्यावर आलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. लांबच्या दौडीत ती तापते आणि साठलेली काजळी आपोआप जळते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. ती बदलण्याचा खर्च ऐकून मालक गाडी विकावयास काढतो, आणि जाहिरातीत "कमी धावलेली" असे अभिमानाने लिहितो.

मुळात तो आकडा खरा असतो काय, हाही प्रश्न आहेच. उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर आणि मुंबईची फियाट यांच्या जमान्यात बऱ्याच गाड्यांचा मीटर लाखाच्या घरात पोचला की पुन्हा शून्यावर येई. त्यामुळे त्यावर कोणी विसंबतच नसे, लोक गाडी पाहत. आजचा आकडा पडद्यावर उमटतो म्हणून तो अधिक प्रामाणिक भासतो. परंतु जाणकार माणूस तोही यंत्राने कमी करू शकतो. क्लचच्या पेडलवरील झिजलेले रबर, सुकाणूच्या कड्यावर आलेली चकाकी, चालकाच्या आसनाची बाहेरची दबलेली कड, यांना मात्र खोटे बोलता येत नाही. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. त्या ओळीने लावून पाहाव्यात. मुंबईत जुलै २००५ मध्ये आणि चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराचे पाणी आत गेलेली गाडी धुऊनपुसून दूरच्या प्रांतात विकली जाऊ शकते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीचा डाग दिसतो का, गालिच्याखाली चिखल आणि सीटच्या रुळांवर गंज आहे का, हे पाहावे. पाहणी दिवसाउजेडी, एंजिन पूर्ण थंड असताना, आणि आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर घेऊन करावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले एंजिन पुष्कळ दोष झाकते.

कायदाही किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजतो. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. आठ वर्षांच्या गाडीची त्यातील सातच उरली. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जी बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली, आणि जिच्या अंमलबजावणीस २०२५ साली आवर घातला, तीही वयावरच बेतलेली होती. बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याची गाडी पुष्कळदा उत्तम असते, कारण ती बांधणे सोपे नसल्याने तो ती निघण्यापूर्वी विकतो. पण ती परप्रांतात न्यावयाची तर ना हरकत प्रमाणपत्र, नवा क्रमांक आणि तेथील कर यांचा हिशेब आधी करावा. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते.

विकणाऱ्यासही एक धोका आहे. पैसे घेतले, किल्ली दिली, आणि आर.सी.वर नाव मात्र त्याचेच राहिले. मग सहा महिन्यांनी अपघात झाला तर भरपाईचे दायित्व नोंदलेल्या मालकाकडेच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. घेणाऱ्यानेही विम्यावर आपले नाव चौदा दिवसांच्या आत लावून घेण्यासाठी अर्ज करावा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीचा विमा तसा येत नाही. दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत तर जुन्या मालकाचीच, ती गाडीबरोबर जात नाही.

एवढे सारे पाहून गाडी घेतली, म्हणजे पहिल्याच आठवड्यात एंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि गाळण्या बदलाव्यात. टायर व बॅटरी वयाने झाली असल्यास तीही. हा खर्च ठरलेल्या किमतीच्या बाहेरचा नव्हे. सौदा करतानाच तो त्यातून वजा करावयाचा. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेही ओलावा धरते. म्हणून फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामीशी ठेवू नये, आणि २०२३ च्या आधीच्या गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात. बॉनेटखाली उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हे पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहावे. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी गावाबाहेर काढावी. नागपूरच्या माणसाने रामटेकपर्यंत जाऊन यावे. परतताना एंजिन नीट तापलेले असते आणि बॅटरीही भरलेली असते.