ग्रहणाला बोल लावू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मला भाषणाची सवय नाही. पण माझ्या भाचीला मुलगी झाली, तिचा उजवा हात मनगटापाशी वळलेला आणि अंगठा नाही. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "ग्रहणात भाजी चिरली असशील." बाळंतीण बिचारी रडून रडून अर्धी झाली. म्हणून आज बोलते.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. काही बाळांत अंगठ्याच्या बाजूचे हाड आखूड असते, किंवा नसतेच. मग पंजा त्या बाजूला झुकतो. गर्भाचे हात चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. मग सातव्या महिन्यातले ग्रहण घडलेले हाड कसे नेईल? पुष्कळदा कारण सापडतच नाही. औषधाने मात्र असे होऊ शकते. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइडची गोळी निघाली. गरोदर बायकांनी ती घेतली आणि हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली. १९६१ साली ती तिथे बंद झाली. तेव्हा दिवस गेल्यावर आपल्या मनाने गोळी घेऊ नये.

आता उपाय. जन्मल्यापासून डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे हात हळूहळू ताणायचा आणि पट्टी बांधायची. हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये. हृदय, मूत्रपिंड आणि रक्तही तपासून घ्यावे, कारण काही मुलांत तिथेही दोष असतो. साधारण वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रियेने पंजा उरलेल्या हाडावर सरळ बसवतात. पुढे तर्जनी फिरवून तिचा अंगठा करतात. मात्र कोपर वाकत नसेल तर डॉक्टर मनगट तसेच ठेवतात, कारण त्या वाकडेपणानेच घास तोंडाशी जातो.

हात आखूड राहतो, पुन्हा थोडा वळूही शकतो, म्हणून पट्टी अनेक वर्षे लागते. मोठेपणी, सायबेरियातील डॉक्टर इलिझारोव्ह यांच्या कड्यांच्या साच्याने हाड रोज सुमारे एक मिलिमीटर वाढवता येते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते. पण तिची वाट पाहू नका. लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जा आणि ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात बाळाला दाखवा.

भाचीच्या मुलीला आता अंगठा आहे. फुगडीत ती माझा हात घट्ट धरते. शेजारी असे बाळ जन्मले तर आईला दोष देऊ नका, तिच्याबरोबर दवाखान्यात चला. एवढे सांगून मी आपली रजा घेते.