धृपद धरणारे



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी विद्यार्थी नव्हे. परंतु त्यांचे विद्यार्थी पुढे माझ्या वर्गात येत, आणि पहिल्या आठवड्यातच ते ओळखू येत. कवितेचा अर्थ सांगून झाला, मी पुस्तक मिटण्याच्या बेतात असलो, की एक हात वर होई आणि 'पण सर' असे शब्द कानावर पडत. तो हात बहुधा याच शाळेतून आलेल्या मुलाचा किंवा मुलीचा असे. बाईंनी मुलांना 'पण' म्हणायला शिकविले होते. शिक्षकाच्या कर्तृत्वाचे याहून मोठे प्रमाण मला ठाऊक नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी दूरध्वनीवरून मला सांगितले, "सर, या वर्षी काही उभारी देणारे बोला." त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती मला समजली. आपल्या शाळेचा पट दरवर्षी कमी होत आहे. महामारीच्या दोन वर्षांनी येथील अनेक घरांतील माणसे नेली, आणि त्या वेळी लहान असलेली मुले आज शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर आहेत. मी होकार दिला खरा, पण मनात संकोच होता. आशा हा शब्द आपण सुविचाराच्या फळ्यावर इतक्या वेळा लिहिला आहे की खडूबरोबर तोही पुसला जातो. ज्याचे घर बुडाले आहे त्याच्यासमोर उभे राहून 'रात्रीनंतर दिवस येतो' असे सांगणे यात मला थोडा निर्दयपणाही वाटतो. म्हणून आज उपदेश न करता मी एका माणसाने स्वतःच्या वाईट दिवसांविषयी दिलेली साक्ष आपल्यापुढे वाचावी म्हणतो. तो माणूस म्हणजे देहूचे तुकोबा.

प्रथम त्या दिवसांविषयी. इ. स. १६३० मध्ये पावसाने दगा दिला आणि पुढची दोन वर्षे गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळून निघाली. आपण हे प्रकरण महाराष्ट्राचे म्हणून वाचतो, पण ते आपल्या या भूमीचेही आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचवत नाही. शहाजहानच्या दरबारी इतिहासकारानेही या दुष्काळाची नोंद केली आहे. आपल्याकडे जुनी माणसे 'छप्पनिया' म्हणून ज्या दुष्काळाच्या आठवणी सांगत, तो विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा. १६३० चा त्याहून पुष्कळ जुना. त्याच्या आठवणी सांगणारे कोणी उरले नाही. उरली ती तुकोबांची साक्ष.

महिपतींनी 'भक्तलीलामृत' लिहिले ते १७७४ साली, तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांनी. त्यांच्या चरित्रात भक्तीचा रंग गहिरा आहे आणि तो असावाही. पण सुदैवाने तुकोबांनी एका अभंगात आपली हकिगत स्वतःच सांगितली आहे. तो अभंग आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल, म्हणून त्यातील ओळी न म्हणता केवळ घटनांचा क्रम पाहावा.

आरंभीच तुकोबा म्हणतात की हे सांगू नये, परंतु तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. वर्गात शिकविताना अनेक वर्षे मी या वाक्यावरून पुढे निघून जात असे. विनयाची एक रीत समजून. आता मला वाटते की सारा अभंग या वाक्यावर उभा आहे. कुणीतरी विचारले, म्हणून दुःख बोलते झाले.

मग ते सांगतात: आईवडील गेले, त्यानंतर संसारात फार दुःखी झालो. दुष्काळाने द्रव्य नेले आणि मानही नेला. एक पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत मेली. आणि या सर्वांनंतर जो शब्द येतो तो शोकाचा नसून लाजेचा आहे. मला लाज वाटली, असे ते म्हणतात. मित्रहो, आपत्तीत माणसाला लाज वाटते ही गोष्ट फार थोड्या ग्रंथांत इतक्या सरळपणे सांगितलेली आढळेल. ज्याचा धंदा बुडतो तो बाजारातून जाताना मान खाली घालतो. नापास झालेला मुलगा मागच्या दाराने घरात येतो. यात त्यांचा अपराध असतोच असे नाही, पण लाज येते. आणि लाज आली की माणूस माणसांतून उठतो. दुष्काळापेक्षा हे एकटेपण अधिक काळ टिकते.

यापुढे तुकोबांनी काय केले? व्यवसायात तूट दिसत होती. घरच्या परंपरेतले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते दुरुस्त करावे असे मनात आले आणि त्यांनी ते केले. चरित्रकार सांगतात की दगड गोळा करून, माती कालवून, स्वतःच्या हातांनी केले.

या ठिकाणी एकदा माझ्या वर्गात तो परिचित हात वर झाला होता. "पण सर, हा वेडेपणा नव्हे का? बायको उपाशी मेली आणि हा मनुष्य भिंती बांधतो. त्या भिंतींतून धान्य येणार होते काय?" प्रश्न विचारणारी मुलगी रागावलेली होती. मी त्या वेळी भक्तीचे माहात्म्य वगैरे काही सांगितले, आणि तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. आज ती येथे असती तर मी वेगळे उत्तर दिले असते. धान्य येणार नव्हते, हे तुकोबांनाही ठाऊक होते. ते वाणी होते, त्यांना हिशेब कळत होता. परंतु ज्याच्या हातून सारे निसटले आहे त्याला, ज्याची सुरुवात आपल्या हाती आहे आणि संध्याकाळी जे थोडे वाढलेले दिसते, असे एखादे काम लागते. एक हात भिंत वर आली, एवढे त्या दिवशी पुरे झाले असेल. अर्थात जिजाई ऊर्फ आवलीचे मत या बाबतीत काय होते हे विचारण्याची सोय नाही. घर चालविणाऱ्या बाईची बाजूही बाजूच असते आणि आपल्या परंपरेने तिला केवळ कजाग ठरवून तिच्यावर अन्याय केला आहे, असे माझे मत आहे.

आता मला विशेष प्रिय असलेला भाग. तुकोबा सांगतात की प्रारंभी एकादशीला कीर्तन करी, पण चित्ताला त्याचा अभ्यास नव्हता. म्हणजे मन लागत नव्हते. पुढे संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. आणि जे पुढे उभे राहून गात, त्यांच्यामागे धृपद धरले. विद्यार्थी मित्रांनो, धृपद म्हणजे पालुपद. भजनात पुढचा गायक चरण म्हणतो, आणि मागे टाळ घेऊन उभे असलेले तेवढी एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात. त्याला गळा लागत नाही, प्रतिभा लागत नाही, मन लागलेच पाहिजे अशीही अट नाही. दुसऱ्याच्या मागे उभे राहण्याची तयारी मात्र लागते. मराठी भाषेतील सर्वांत मोठा कवी, आपल्या आयुष्याच्या सर्वांत वाईट काळात, मागच्या रांगेत उभा राहून दुसऱ्याचे पालुपद म्हणत होता.

कवित्वाची स्फूर्ती आल्याचे ते त्याच अभंगात सांगतात, पण ती किती उशिरा येते पाहा. देऊळ झाले, पाठांतर झाले, धृपद धरून झाले, अंग झिजवून जमेल तसा परोपकार झाला, स्वप्नात गुरूचा उपदेश झाला, त्यानंतर स्फूर्ती. आपण बहुधा याच्या उलट समजतो. आधी आतून काही उसळून यावे आणि मग आपण उठावे, अशी आपली अपेक्षा असते. अशी वाट पाहत बसलेली हुशार मुले मी चाळीस वर्षे पाहिली आहेत. आणखी एक: स्फूर्ती आल्यावरही तुकोबांचे सारे सुरळीत झाले नाही. निषेधाचा आघात आला, वह्या पाण्यात गेल्या, ते धरणे धरून बसले. अभंग शेवटी समाधानापर्यंत पोहोचतो, पण वाटेत पुन्हा एकदा तळ गाठून.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट सांगतो. तुकोबांना इंग्रजी वाचकांपर्यंत नेणाऱ्या 'सेज तुका' या १९९१ च्या अनुवादाचे कर्ते दिलीप चित्रे हे १९३८ साली आपल्या बडोद्यात जन्मले. त्यांच्या वडिलांनी येथूनच 'अभिरुची' मासिक काढले होते. बडोद्याच्या मराठीचा विषय निघाला की हल्ली केवळ उसासे टाकण्याची पद्धत पडली आहे, म्हणून सांगितले.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी थोडक्यात बोलतो. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांनी धर्मांतर केले, पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. त्या काळातील बाईंच्या यातना 'स्मृतिचित्रे'त आहेत, आणि तरीही ते पुस्तक वाचताना आपण हसत राहतो. म्हणून दुःखी माणसाला 'लक्ष्मीबाईंसारखे हसायला शिक' असा सल्ला दिला जातो. तो मला मान्य नाही. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला १९३४ साली. मधे जवळजवळ चाळीस वर्षे गेली आहेत. ते हसू त्या वेळचे नव्हे, ते मागाहून पिकलेले आहे. कुणाच्याही दुःखाकडे ते कच्चे असताना मागू नये.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट मात्र त्याच दिवसांत घडलेली आहे. १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. एकूण अठरा. ती लिहून घेतली सानेगुरुजींनी, आणि म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हाती आहे. अठरा रविवार दुसऱ्याचे शब्द आपल्या लेखणीने धरायचे, हेही धृपदच नव्हे काय? पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्याच लेखणीतून अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' उतरली. गुरुजी त्यापूर्वी लिहीत नव्हते असे नाही. अमळनेरला 'विद्यार्थी' मासिक त्यांनी चालविले होते. तेव्हा एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. क्रम तेवढा लक्षात आणून देतो.

आणि गुरुजींचे नाव घेतल्यावर पुढची गोष्ट टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. आपण ही गोष्ट मुलांपासून झाकून ठेवतो. माझ्या मते झाकू नये. असंख्य मुलांना उभारी देणाऱ्या माणसाजवळही स्वतःपुरती उभारी एखाद्या दिवशी उरत नाही. आशा ही बँकेत ठेवलेली ठेव नाही, आणि इतरांना ती वाटणाऱ्याची कोठी भरलेलीच असेल असे धरून चालू नये. त्यांना वा त्यांच्या सोबत्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण येथे बसलेल्या मुलामुलींना एवढे सांगतो, की जगणे नकोसे वाटावे असा विचार कधी मनात आला, तर तो त्याच दिवशी कुणाजवळ तरी बोला. आईजवळ, शिक्षकांजवळ, मित्राजवळ. आणि मोठ्यांनो, तुम्ही विचारा. तुकोबांना संतांनी विचारले होते.

शेवटी थोडे स्वतःविषयी, कारण वरील अभंगाचा अर्थ मला पुस्तकातून कळलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या पत्नीचे निधन झाले. अंत्यविधीला चार माणसे होती. त्यानंतर सात-आठ महिने मी एक पानही वाचले नाही. ज्याने आयुष्यभर तुकाराम शिकविला त्याला तुकारामाचा उपयोग होत नाही, याची मला लाज वाटत होती, आणि म्हणून मी कुणाकडे जात नव्हतो. फोन आला की 'ठीक आहे' म्हणत असे.

त्या डिसेंबरात एक मुलगी दारात आली. मराठी घराण्यातली, पण शिक्षण सारे गुजराती आणि इंग्रजीतून. तिच्या पणजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे बाड सापडले होते आणि त्यात काय आहे हे तिला हवे होते. मी नाही म्हणणार होतो. तिने उंबऱ्यातच पहिला कागद पुढे धरला, आणि सवयीने माझी नजर त्यावर गेली. त्यात इतिहास वगैरे काही नव्हता. किराण्याचा हिशेब होता: गूळ, गोडे तेल, तूरडाळ, उदबत्ती. एका अक्षरावर मी अडलो. 'गूळ' की 'गहू' हे लागेना. चष्मा आणायला आत गेलो, तिला बसायला सांगितले. घड्याळाकडे पाहिले तेव्हा दोन तास झाले होते. जाताना तिने सहज विचारले, "काका, तुम्ही जेवता कुठे?" आणि मी, कुणालाही न सांगितलेले, तिला सगळे सांगितले.

तेव्हापासून ती जमेल तशी रविवारी येते. मी वाचतो, ती बाळबोधीत उतरवून घेते. मधूनमधून आता तीही वाचते आणि मी उतरवून घेतो. निम्म्याहून अधिक बाड अद्याप शिल्लक आहे. परवा एका कागदाच्या मागील बाजूस, तेलाच्या हिशेबाखाली, कुणीतरी पाळण्यातल्या नावाची यादी केलेली सापडली. पाच नावे लिहून चार खोडली आहेत. जे राहिले ते तिच्या आजीचे.