पायाखाली वीतभर स्टूल

घराचं काम निघालं की पहिला हातोडा बहुधा संडासातल्या भांड्यावर पडतो. ‘इंडियन’ काढायचं, कमोड बसवायचा, हे ठरलेलंच. टाइल्सच्या रंगावर चार दिवस खल होतो. ज्यावर घरातल्या प्रत्येकाला रोज बसायचं आहे, त्या भांड्यावर चार मिनिटंही बोललं जात नाही.

खरं तर बोलायला हवं ते यावरच. गुदाशयाच्या खालच्या टोकाला एका स्नायूचा पट्टा मागून वेढा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. आजीच्या सुपारीच्या बटव्याची नाडी आठवावी. माणूस उभा असताना ही नाडी ओढलेली असते. खुर्चीसारखं बसलं की थोडी ढिली पडते. उकिडवं बसून गुडघे पोटाशी आले, की चांगली सैलावते आणि वाट सरळ होते. अर्धवट सोडलेल्या बटव्यातून सुपारी काढायची तर बटवा उलटा करून झटकत बसावं लागतं. कमोडवर कुंथणारा माणूस तेच करत असतो.

डोव सिकिरोव या इस्रायली डॉक्टरांनी २८ निरोगी माणसांना तीन प्रकारे बसवून वेळ मोजला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उकिडवं बसल्यावर सरासरी ५१ सेकंद लागले, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३०. अठ्ठावीस माणसं फार नव्हेत, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. त्याआधी १९६६ मध्येच अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर किरा यांनी ‘द बाथरूम’ या पुस्तकात कमोडच्या घडणीतल्या उणिवा दाखवल्या होत्या.

मग कमोड वाईट का? मुळीच नाही. ज्या आजीला खाली बसल्यावर उठताना नळाचा आधार घ्यावा लागतो, तिच्यासाठी कमोड हीच सोय. गुडघ्याची वाटी बदललेल्या माणसाला उकिडवं बसू नका असं डॉक्टर बजावतातच. तिथे हट्ट करणं चूक. पण आजीचे गुडघे दुखतात म्हणून आठ वर्षांच्या नातवाचंही भांडं काढून टाकायचं, हे कसलं गणित? त्या पोराचे पाय कमोडवर अधांतरी लोंबकळतात. पायाला टेकू नाही, तर जोर लावणार कसा? आणि सवयीने कमोडच्या कडेवर पाय देऊन उकिडवे बसणारे आजोबाही घरोघरी आहेत. ते तर फार धोक्याचं. चिनी मातीचं भांडं फुटलं तर त्याच्या कडा सुरीसारख्या कापतात.

बसण्याचा आणि धुण्याचा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या परीने सोडवला आहे. जपानी पद्धतीच्या उकिडव्या भांड्याला पुढे घुमटीसारखी कड असते आणि माणूस तिच्याकडे तोंड करून बसतो. त्याच जपानात ‘टोटो’ कंपनीने १९८० मध्ये पाण्याचा फवारा असलेली ‘वॉशलेट’ बैठक आणली. इटलीत १९७५ पासून घरात बिडे, म्हणजे बसून धुण्याचं भांडं, असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या रेल्वेच्या कित्येक डब्यांत तर दोन दारांमागे दोन्ही प्रकार असतात. पाण्याच्या हिशेबावरही बोलण्यासारखं पुष्कळ आहे; खेड्यातल्या तीव्र उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. पण वेळ थोडा आहे आणि बटव्याची नाडी अजून सुटलेली नाही.

ती सोडवायला खर्च फारसा नाही. कमोडपुढे वीतभर उंचीचं, न घसरणारं स्टूल ठेवावं. दोन्ही पाय त्यावर, गुडघे कमरेपेक्षा वर, अंग किंचित पुढे. म्हणजे कमोडवर बसूनही नाडी बरीच सैलावते. जेवणाचा पाट मात्र तिकडे नेऊ नये, घरात उगाच भांडण होईल. संडासासाठी वेगळंच स्टूल घ्यावं. लहान मुलांना तर ते हवंच हवं. गुडघे बदललेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

घरात दोन संडास असतील तर एक इंडियन राहू द्यावा. एकच असेल आणि इंडियन असेल, तर आजारी माणसासाठी त्यावर ठेवायची भोकाची खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते. तेवढ्यासाठी फोडाफोड नको. श्रोतेहो, गवंड्याच्या हाती हातोडा देण्याआधी घरातल्या आजीला, नातवाला, सगळ्यांना एकदा विचारा.