गाडीखाली जाण्याआधी

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे निघालं की आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर लागतं. मराठी माणसाने हे गाव लक्षात ठेवावं. १७९८ साली तंजावरच्या गादीवरून दूर झालेले अमरसिंह भोसले पुढे इथेच राहायला आले. महालिंगस्वामीच्या देवळाभोवतीचे इथले रस्ते इतके ऐसपैस आहेत, की सुंदर रथ बघावा तिरुवारूरचा आणि सुंदर रस्ते बघावेत तिरुविडैमरुदूरचे, असं तमिळ लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तमिळ तै महिन्यातल्या पूसम नक्षत्राच्या उत्सवाला या रस्त्यांवरून रथ ओढले जातात.

आजचा विषय मात्र मोटारीचा आहे. घरच्या घरी काम करताना गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे गॅरेजातल्या घोडीवर, सुरक्षित कशी उभी करायची? हे सांगण्याआधी रथाच्या चाकाशी चालणाऱ्या माणसांकडे बघू या. दोर ओढणारे शेकडो असतात, पण रथ आवरतात आणि वळवतात ते लाकडी ठोकळे घेऊन चाकाला लागून चालणारे मोजके लोक. आपल्या जळगावच्या श्रीराम रथालाही कार्तिकी एकादशीला असाच ठोकळा, म्हणजे मोगरी, लावतात. तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक दिले, तरी चाकाखालचा ठोकळा काही सुटला नाही.

मोटारीचं काम करणाऱ्याला गाडी अंगावर पडेल ही भीती असते. ती सरकेल, हे मात्र डोक्यात येत नाही. उचललेली गाडी चार बोटं जरी पुढे गेली, तरी खालचा जॅक किंवा स्टँड कलंडतो आणि मग ती पडते. म्हणून मोगरी पहिली, जॅक नंतर.

हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, मग मोगरी कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. पुढची बाजू उचलली की गिअर निरुपयोगी, कारण तो ज्या चाकांना धरतो ती हवेत असतात. मागची बाजू उचलली की हँडब्रेक निरुपयोगी. पुढचं एकच चाक उचललं तरीही गिअर धरत नाही, कारण डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकालाही तितकीच मोकळीक मिळते. तेव्हा जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना दोन्ही बाजूंनी मोगरी लावा. चांगला जाड लाकडी ठोकळा चालतो. विटेचा तुकडा नको.

आता जमीन. तिरुविडैमरुदूर कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात आहे. आपल्याकडे दसऱ्यानंतर अंगण वाळू लागतं, तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हेच मोठ्या पावसाचे दिवस. अशा ओल्या मातीत स्टँडचे चार पाय सारखे रुतत नाहीत. एक खोल जातो आणि स्टँड तिरपा होतो. कोकणातल्या अंगणात आणि काळ्या मातीच्या गावातही हेच घडतं. सपाट काँक्रीट सर्वांत बरं. ते नसेल तर स्टँडखाली जाड, रुंद फळी किंवा लोखंडी पत्रा घाला. उतारावर हे काम करूच नका. उन्हाळ्यात डांबरही मऊ पडतं.

गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर गाडी असताना खाली जाऊ नका, असं गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं, आणि ते पुस्तक आपण उघडत नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर आणि एका रबरी सीलवर असतो. सील गळलं की गाडी हळूहळू किंवा एकदम खाली येते. जॅक उचलण्यासाठी आहे. धरून ठेवणं हे स्टँडचं काम. चाकांच्या ट्रॉली जॅकची आणखी एक गोष्ट: त्याचा दांडा वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला थोडं पुढे-मागे सरकावं लागतं. मातीत किंवा खड्ड्यात तो अडकला, तर वरचं टोक गाडीवरून घसरतं.

चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करून घ्या. मग पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावा. बऱ्याच गाड्यांत दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर त्यासाठी खुणा असतात. इंजिनच्या चेंबरला किंवा तळाच्या पत्र्याला जॅक लावू नका. पत्रा चेपतो, चेंबर फुटतं. स्टँड शक्य तितका बुटका ठेवा आणि दोन्ही सारख्या उंचीवर. खाच पूर्ण बसली का ते डोळ्यांनी बघा, खीळ असेल तर घाला. खाचेचं महत्त्व किती? २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे १७ लाख स्टँड परत मागवावे लागले, कारण भार असताना त्यांची खाच सुटू शकत होती.

सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणि विटा गाडीखाली अजिबात नकोत. भिंतीत त्या भार घेतात, पण भार एका बिंदूवर आला की आधी काही न दाखवता फुटतात. वाकत नाहीत, करकरत नाहीत. हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्या अंगणात वीट सहज हाताशी असते.

गाडी स्टँडवर टेकवली की खाली जायच्या आधी तिला हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे, तुम्ही बाहेर असताना. जॅक काढून टाकू नका, गाडीला टेकवून ठेवा. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवा. सगळं फसलं तरी गाडी त्याच्यावर अडेल. घट्ट बसलेला नट सोडवताना लांब दांड्याने हिसके देऊ नका. स्टँडला आडवा धक्का सोसत नाही. गाडी वर असताना इंजिन सुरू करू नका. आणि तुम्ही खाली आहात हे घरात कुणाला तरी ठाऊक असू द्या. मुलांना गाडीत चढू देऊ नका.

काम संपलं की हत्यारं आणि माणसं बाहेर आहेत ना, हे वाकून बघा. चाक चढवून नट हाताने बसवा. जॅकने गाडी जरा उचला, स्टँड काढा आणि सावकाश उतरवा. चाकं जमिनीला टेकल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.