वजनकाटा एकटा पुरा पडत नाही



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या रुग्णाचे शरीर सावरते आहे, हे आपण कशावरून ठरवतो? बहुतेक केसपेपरवर याचे उत्तर एका ओळीत असते : वजन आणि बीएमआय. ती ओळ हवीच. पण तेवढ्यावर मुलीला घरी सोडणे मला धोक्याचे वाटते.

बीएमआयचे सूत्र बेल्जियमच्या केतले यांचे, एकोणिसाव्या शतकातले. त्याला आजचे नाव दिले अमेरिकेतील ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७२ साली. त्यांनी तपासले होते ते पुरुष, आणि हेतू होता लोकसमूहांच्या अभ्यासाचा. चौदा वर्षांच्या मुलीचे उपचार कधी थांबवावेत, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. उपासमारीने शरीराचे काय होते, हे मात्र याच कीज यांनी फार आधी बारकाईने पाहिले होते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचे सुमारे चतुर्थांश वजन गेले. कीज वजनावर थांबले नाहीत. नाडी, शरीराचे तापमान, स्नायूंची ताकद, रक्त, मनःस्थिती, सारे त्यांनी नोंदवले. नाडी मंदावली, अंग गार पडू लागले, मनात अन्नाशिवाय दुसरा विचार राहीना. पुन्हा पोटभर जेवण मिळू लागल्यावर चरबी आधी भरली आणि स्नायू मागे राहिले. वजन पूर्वपदावर आले, तरी शरीर आलेले नव्हते. बीएमआयला नाव देणाऱ्या माणसाचीच ही नोंद आपण विसरलो, याचे मला वाईट वाटते.

आपल्या वॉर्डात हे रोज दिसते. आहार सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने चढते, तेव्हा त्यात बरेचसे पाणी असते. पायावर सूज असेल तर तो आकडा प्रगती म्हणून लिहूच नये. याच दिवसांत रक्तातले फॉस्फेट घसरते; पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही. काटा वर जात असताना रुग्ण सर्वाधिक धोक्यात असू शकते. म्हणून त्या आठवड्यात माझी नजर आधी रक्ताच्या रिपोर्टवर आणि ईसीजीवर जाते, वजनावर नंतर.

नाडीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. मुलीला पाच मिनिटे शांत पडू द्या, नाडी आणि रक्तदाब मोजा. मग उभे करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभे राहिल्यावर नाडी उसळते का, रक्तदाब कोसळतो का, हे पाहायला यंत्रे लागत नाहीत, वेळ लागतो. जागेपणी नाडी पन्नासच्या खाली असेल, तर ‘ती धावपटू आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. हाताचा आधार न घेता ती आडवी असताना उठून बसते का, उकिडवी बसून उभी राहते का, तेही पाहा; स्नायू परत येत आहेत की नाही, ते यातून कळते. मुळात जाड असलेली मुलगी किंवा मुलगा भराभर वजन गमावून येतो, तेव्हा बीएमआय अगदी ‘नॉर्मल’ असतो आणि नाडी तितकीच मंद. अशा मुलांना आपण शाबासकी देऊन घरी पाठवतो, ही मला या विषयातली सर्वांत गंभीर चूक वाटते.

पाळी परत येणे ही मोलाची खूण आहे. वजन भरल्यावरही तिला काही महिने लागू शकतात. पण गर्भनिरोधक गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव म्हणजे पाळी नव्हे. त्याने आईचे समाधान होते, हाडांचे संरक्षण होत नाही. आणि हाडे घडण्याचे वय तर हेच.

मग लक्ष्य वजन कुठले? सर्वांना एकच आकडा नको. आजारापूर्वी ती वाढीच्या कोणत्या रेषेवर होती, ते शोधा. आपल्याकडे भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढतक्ते आहेत, पाच ते अठरा वर्षांसाठी. शाळेच्या तपासणीतल्या जुन्या नोंदी त्यावर मांडल्या की तिची स्वतःची रेषा दिसते. ती उंच होत असेल तर लक्ष्यही सरकत राहणार, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगा.

वजन कसे घेतो, हेही उपचारातच मोडते. सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, हलक्या गाऊनमध्ये, बंद दारामागे. ‘अरे वा, दोन किलो वाढलं!’ असे कौतुकाने म्हटले तरी तिच्या जिवाचा थरकाप होतो. घरी मावशी-काकू ‘तब्येत सुधारली हं’ म्हणतात, तेही तिला ‘जाड झालीस’ असेच ऐकू येते. आकडा तिला दाखवावा की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत, दाखवावा. पण समोर बसून, त्या भीतीवर बोलायला वेळ काढून. घाईच्या ओपीडीत दाखवण्यापेक्षा त्या दिवशी न दाखवलेला बरा.

माझी विनंती केसपेपरच्या त्या ओळीपुरती आहे. वजनाशेजारी चार रकाने वाढवा : झोपून आणि उभ्याने नाडी-रक्तदाब, तापमान, उठून बसण्याची ताकद, पाळी. पाळीचा रकाना मुलग्यांसाठी रिकामा राहील, बाकीचे तीन त्यांनाही लागू आहेत. नमुना छापून आणला आहे; दुपारच्या सत्रात परिचारिका भगिनींनी तो आधी तपासावा, कारण तो भरायचा त्यांनाच आहे.