वाट खुंटते तेव्हा



नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की एस.टी.ची गाडी दुसऱ्या वाटेने जाते. पण त्यासाठी पूल बुडाल्याची वार्ता चालकाला वेळेवर कळली पाहिजे आणि दुसरी वाट खरोखरच शाबूत असली पाहिजे. संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न वारंवार उभा राहतो. आज त्याचाच थोडा विचार करू.

जाळ्यातील संदेश तुकड्यातुकड्यांनी प्रवास करतो. प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. कोणत्या मुक्कामाचा तुकडा कोणत्या दाराने सोडायचा, याचा तक्ता त्याच्यापाशी असतो. या दारालाच इंटरफेस म्हणतात. दाराला थेट जोडलेली केबल तुटली तर येणारा संकेत थांबतो आणि राउटरला ते बहुधा तत्काळ उमगते. मग त्या दारालगतच्या जाळ्याची नोंद तक्त्यातून जाते. त्या दारावर विसंबलेल्या वाटाही जातात.

अशा वेळी राखीव वाट पुढे यावी लागते. सिस्कोच्या राउटरांत वाटेची माहिती कोठून आली, त्यावरून तिला एक अंक मिळतो. जितका लहान अंक, तितका अधिक मान. थेट जोडलेल्या जाळ्याला ०, माणसाने हाताने लिहिलेल्या वाटेला १, आणि राउटरांनी ओएसपीएफ पद्धतीने परस्परांना वार्ता देऊन ठरवलेल्या वाटेला ११०. हाताने लिहिलेल्या दुसऱ्या वाटेला मुद्दाम २०० अंक दिला, तर मुख्य वाट असेपर्यंत ती तक्त्याबाहेर थांबते आणि मुख्य वाट जाताच तिची जागा घेते. योजना साधी आहे, आणि उत्तम आहे.

परंतु तिचा सारा भार एका गोष्टीवर आहे: दार बंद पडल्याचे कळले पाहिजे. दोन राउटरांच्या मध्ये एखादा स्विच असला आणि त्याच्या पलीकडची केबल तुटली, तर अलीकडचे दार उघडेच दिसते. दिवा जळतो, नोंद कायम राहते आणि संदेशाचे तुकडे खड्ड्यात पडत राहतात. म्हणून राउटर शेजाऱ्याला ठराविक वेळाने हाक घालतात. इथरनेटवर ओएसपीएफची ही हाक साधारणतः दर १० सेकंदांनी असते आणि ४० सेकंद शांतता राहिली की शेजारी गेला असे धरतात. एवढा वेळही ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी २०१० साली बीएफडी ही जलद हाकेची पद्धत प्रमाणित झाली. शिवाय जाणारी वाट वळली तरी येणारी वळतेच असे नाही; पलीकडच्या राउटरलाही बातमी लागली पाहिजे.

आणि राखीव वाट खरोखर वेगळी आहे काय? ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन समुद्री केबली तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. भारतातील इंटरनेट मंदावले आणि बरीच वाहतूक पूर्वेकडून, प्रशांत महासागराच्या बाजूने वळवावी लागली. कागदावर केबली दोन होत्या. संकट मात्र दोघींवर एकदमच आले.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: ज्यांच्या हाती इस्पितळाचे, पेढीचे, विद्यापीठाचे जाळे आहे, त्यांनी आधी सूचना देऊन एखाद्या शांत रात्री मुख्य केबल स्वतःच्या हाताने काढून पाहावी. जी राखीव वाट कधी चालून पाहिलीच नाही, तिच्या भरवशावर कोणी निर्धास्त झोपू नये.