बापाच्या डोळ्यांतले पाणी

कन्फ्यूशियस म्हटला की आपल्याला वडीलधाऱ्यांपुढे खाली घातलेली मान आणि रुक्ष उपदेश एवढेच आठवते. मग चिनी कादंबरीतला प्रत्येक हळवा नायक आपण बंडखोर ठरवून मोकळे होतो. माझी हरकत आहे ती याला. अठराव्या शतकातली, त्साओ श्वेचिनची ‘लाल हवेलीचे स्वप्न’ घ्या. ३३व्या प्रकरणात जिया जंग आपल्या मुलाला, बाओयूला, बडवतो. नोकर हात राखून मारताहेत असे वाटून बांबू स्वतः उचलतो. पण बायको वारलेल्या थोरल्या मुलाच्या नावाने हंबरडा फोडते, तेव्हा याच्याही डोळ्यांना धारा लागतात. मागोमाग म्हातारी आई येते आणि हा करारी अधिकारी तिच्यापुढे गुडघे टेकतो. यात भावना कुठे संपली आणि धर्म कुठे सुरू झाला, दाखवा बरे!

धर्माची रीत म्हणजे पाट, भावना म्हणजे पाणी. पाट फुटला तर पाणी रानोमाळ जाते, हे खरे. पण विहीरच आटली तर दारे धरून भिजणार काय? आईबापांमागे तीन वर्षे सुतक पाळायला कुरकुरणाऱ्या शिष्याला कन्फ्यूशियसने नियम ऐकवला नाही. इतक्यात चांगलेचुंगले खाऊन तुझ्या जिवाला बरे वाटेल का, एवढेच विचारले. आता ३२व्या प्रकरणातला कोरडा पाट पाहा. मालकिणीने हाकललेली दासी विहिरीत जीव देते. बाओयूची मावसबहीण बाओचाय मालकिणीची समजूत घालते, की खेळताना पाय घसरला असेल, घरच्यांना चार पैसे जास्त द्या म्हणजे झाले. वागणे बिनचूक, ओलावा थेंबभर नाही. आणि मूल विहिरीत पडताना पाहून कुणाच्याही काळजात धस्स होते, हाच तर कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या मेन्शियसने माणुसकीचा पुरावा मानला होता!

कुणी म्हणेल, अहो, मुलगा रक्तबंबाळ झाला, दासी मेली, ते या रीतीपायीच ना? १९१८ साली चिनी लेखक लू शुनने ‘वेड्याची रोजनिशी’ लिहिली, तीही याच संतापाने. कबूल. पाटाचे पाणी दासीच्या वाफ्यापर्यंत पोचतच नाही. पण त्साओ श्वेचिन या घराला तोलतो ते त्याच्याच धर्माच्या मापाने, म्हणून पुन्हा सांगतो, भावना ही धर्माची वैरीण नव्हे. बाओयूने आपल्या आतेबहिणीला, दाइयूला, पाठवलेल्या दोन जुन्या रुमालांकडे यायचे होते, पण वेळ संपला. ते ३४व्या प्रकरणात आहेत. डेव्हिड हॉक्स यांच्या इंग्रजी भाषांतराचा दुसरा खंड मिळवा आणि ही तीन प्रकरणे तेवढी सलग वाचा.